सातवी ते आठवी: खानापूरच्या एका सरकारी मराठी हायस्कूलचं प्रकरण

आमच्या गावच्या शाळेत दोन रजिस्टरं आहेत. एक जुनं, पहिली ते सातवीचं, पाठीला खाकी कापड चिकटवून दोनदा शिवलेलं. दुसरं आठवी ते दहावीचं, त्या मानाने कोरं करकरीत. दोन्ही ऑफिसातल्या एकाच लोखंडी कपाटात शेजारी-शेजारी असतात. जुन्या रजिस्टरातल्या पोराचं नाव गावातच नव्या रजिस्टरात चढायला मात्र दोन पिढ्या गेल्या. सरकारी शाळेचा इतिहास म्हटला की खोल्या, इमारती आणि उद्घाटनं यांची जंत्री होते. मला ती द्यायची नाही. सातवी झालेलं पोर आठवीत कसं पोचलं, आणि इतकी वर्षं का पोचलं नाही, एवढंच या प्रकरणात बघायचं आहे.

गाव कर्नाटकात, बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्याच्या पश्चिम अंगाला, जांबोटीहून कणकुंबीकडे जाणाऱ्या डोंगरपट्ट्यात. नाव देत नाही. गाव लहान आहे, नाव दिलं की माणसं ओळखू येतात. मलप्रभेचा उगम कणकुंबीचा, त्यामुळे या भागात पाऊस कसा कोसळतो ते वेगळं सांगायला नको. चिऱ्याच्या भिंती, वर खानापुरी कौलं, शेतात भात आणि नाचणी, बांधावर काजू. पुरुषमाणसं बेळगावच्या उद्यमबागेत फाउंड्रीवर नाहीतर गोव्यात. गावाच्या तीन बाजूंना जंगल खात्याची हद्द आणि आजूबाजूला विखुरलेल्या वाड्या. घरात मराठी, बाजारात मराठी-कन्नड दोन्ही.

जुन्या रजिस्टराची पहिली पानं मोडीत आहेत. ती आता गावात कुणालाच वाचता येत नाहीत. पुढे बाळबोध सुरू होतं. तेव्हा बेळगाव जिल्हा मुंबई राज्यात होता आणि सातवीला व्हर्नाक्युलर फायनलची परीक्षा असायची. फायनल झालेला माणूस गावात मान मिळवून असे. तलाठ्याचा कागद त्याच्याकडे वाचायला यायचा. मग १ नोव्हेंबर १९५६ ला राज्यांची पुनर्रचना झाली. बेळगाव जिल्हा म्हैसूर राज्यात गेला आणि त्यातला चंदगड तालुका तेवढा काढून कोल्हापूरला जोडला गेला. आमच्या कितीतरी लेकी चंदगडात दिलेल्या. एका रात्रीत त्या दुसऱ्या राज्यातल्या झाल्या. रजिस्टरात याची खूण एवढीच की पान तेच राहिलं, शाई तीच राहिली, मास्तरांचं अक्षरही तेच राहिलं, शिक्का बदलला. १९७३ ला राज्याचं नाव कर्नाटक झाल्यावर शिक्का आणखी एकदा बदलला.

या रजिस्टरातला शेवटचा रकाना 'शाळा सोडण्याचे कारण'. पानामागून पानं चाळली तरी तिथे एकच मजकूर आहे: सातवी पास. मुलगा असो, मुलगी असो, सातवी पास. त्यानंतर त्या पोराचं काय झालं हे सांगणारा रकाना सरकारी रजिस्टरात नसतो. तो गावाच्या आठवणीत असतो, आणि मी तो घरोघरी बसून विचारून घेतला.

आमच्या अक्काचं नावही त्या रजिस्टरात आहे. तिच्या वर्गात तिचा पहिला नंबर असायचा. गणित तोंडी करायची. दुकानात मापट्याने तांदूळ घालायचे तर दुकानदाराआधी तिचा हिशेब तयार. सातवीचा निकाल लागला, आणि पुढे काय यावर आमच्या घरात फार बोलणंही झालं नाही. हायस्कूल होतं ते नऊ-दहा किलोमीटरवर, मोठ्या गावात, एका शिक्षणसंस्थेचं. मधे दोन ओढे. जुलै-ऑगस्टात ओढ्यांना पाणी आलं की एसटी अलीकडच्या फाट्यावरूनच परतायची. वडील म्हणाले, "पोरगी पलीकडं अडकली तर कुठं हुडकायची?" त्यांचं चुकलं असं मला आजही म्हणवत नाही. ओढा खरा होता. चार वर्षांनी माझी सातवी झाली तेव्हा मला मामाकडे खानापूरला ठेवलं. मुलाला ठेवायला जागा निघते. मी शिकलो, अक्का शेणी थापायला आणि लावणीला जाऊ लागली. तिच्या वर्गातल्या मुलींपैकी एकच आठवीला गेली, तीही आजोळी राहून.

म्हणून माझं म्हणणं असं, की माध्यमिक शाळेची वाढ पटसंख्येने मोजायच्या आधी सातवीच्या पानावरून आठवीच्या पानावर किती नावं उतरली, आणि त्यात मुलींची किती, ते बघावं. आमच्याकडे हा आकडा अडला तो तीन गोष्टींनी: अंतर, भाषा आणि अनुदान. तिन्ही एकमेकींत गुंतलेल्या आहेत.

भाषेचं आधी. घटनेच्या सातव्या दुरुस्तीने १९५६ मध्येच ३५० 'अ' कलम आलं. भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना मातृभाषेतून शिक्षणाची पुरेशी सोय राज्याने करावी, असं ते सांगतं. पण त्यात शब्द आहेत 'प्राथमिक टप्प्यावर'. त्याआधी १९४९ च्या प्रांतिक शिक्षणमंत्र्यांच्या परिषदेत ठरलेला निकषही प्राथमिकचाच: शाळेत त्या भाषेची ४० मुलं किंवा एका वर्गात १० मुलं असली तर शिक्षक द्यायचा. सीमाभागात सरकारी मराठी प्राथमिक शाळा गावोगाव टिकल्या, त्यामागे या गोष्टींचा आधार आहे. आमच्याकडे प्राथमिक म्हणजे सातवीपर्यंत. सातवीचा निकाल हातात घेऊन पोर बाहेर पडलं की घटनेचं ते कलम मागे राहतं. सरकारी मराठी हायस्कूल मागायचं तर हक्क म्हणून बोट ठेवायला जागा नाही, विनंतीच करायची.

ही पोकळी भरून काढली ती खासगी शिक्षणसंस्थांनी. बेळगाव आणि खानापूर भागातल्या मराठी शिक्षणसंस्थांचं ऋण मोठं आहे, ते मोकळ्या मनाने मान्य करायला हवं. मी स्वतः अशाच हायस्कूलमध्ये शिकलो. चंदगडातल्या आत्येच्या पोरांकडे बघून आम्हाला वाटायचं, तिकडे सगळं सरकार देतं. तसं नाही. महाराष्ट्रातही खेड्यातली बहुतेक हायस्कुलं संस्थांचीच, अनुदानावर चालणारी. पण संस्था हायस्कूल काढते ते जिथे चार गावांची पोरं जमतील अशा मोठ्या गावात, बाजाराच्या ठिकाणी. डोंगरातल्या वाड्यांवर ती येत नाही, येऊ शकत नाही. त्यातून कर्नाटकात १९८७ नंतर उघडलेल्या खासगी शाळांना अनुदान मिळायची वाट जवळजवळ बंद झाली. म्हणजे आमच्यासारख्या गावाला कुणी संस्था येईल ही आशाही संपली. राहिलं सरकार.

सीमाप्रश्नाचं काय, असं कुणी विचारेल. १९८६ च्या जूनमध्ये कन्नड सक्तीविरोधी आंदोलनात गोळीबार झाला, माणसं गेली. हिंडलग्याच्या हुतात्मा स्मारकापाशी आजही १ जूनला लोक जमतात. २००४ ला महाराष्ट्राने सुप्रीम कोर्टात दावा दाखल केला. तो प्रश्न आमचा आहे, जिवाभावाचा आहे. पण दर उन्हाळ्यात सातवीची एक तुकडी बाहेर पडते, आणि त्या पोरांना कोर्टाच्या तारखेपर्यंत थांबता येत नाही.

गावाने हालचाल केली ती सर्व शिक्षा अभियानाच्या सुरुवातीच्या वर्षांत. २००१ ला राज्यात एसडीएमसी, म्हणजे शाळा विकास आणि देखरेख समित्या आल्या आणि पालकांना पहिल्यांदा शाळेच्या ऑफिसात खुर्चीवर बसायला मिळालं. त्याच सुमारास काही उच्च प्राथमिक शाळांना आठवीचा वर्ग जोडला जात होता. ही बातमी आमच्या गावात आणली ती शाळेतल्या कन्नडच्या सरांनी. सर बैलहोंगलकडचे. घरी अस्सल कन्नड, आमच्यात आल्यावर दोन वर्षांत मराठी बोलायला लागले. एसडीएमसीच्या बैठकीत ते म्हणाले, "पट दाखवा. पट असला तर साहेब नाही म्हणणार नाहीत. अर्ज मी लिहून देतो." अर्ज कन्नडमध्ये लागणार होता आणि गावात असा अर्ज लिहू शकणारा दुसरा माणूस नव्हता. मराठी माध्यमाचा आठवीचा वर्ग मागणारा तो अर्ज एका कन्नड माणसाने रात्री चिमणीच्या उजेडात बसून लिहिला. बीईओ, म्हणजे गटशिक्षणाधिकाऱ्यांच्या ऑफिसात तो घेऊन गेलेल्या तिघांत तेही होते.

पट दाखवणं मात्र सरांच्या हातात नव्हतं. सातवी झालेल्या मुलींच्या आईबापांनी "आठवी गावात निघाली तर पाठवू" असं आधी कबूल करायला हवं होतं. आणि ज्यांची ऐपत होती, ज्यांनी पोरांना खानापूरला खोली करून ठेवायचं ठरवलं होतं, त्यांनी पोरं गावात ठेवायला हवी होती. वर्गच मिळाला नाही तर त्या पोरांचं वर्ष वाया. हा जुगार कुणी का खेळावा? इथे अक्का उतरली. ती गावातच दिलेली, आणि तिची थोरली त्याच वर्षी सातवीत होती. भाताची पेरणी तोंडावर आली होती, तरी ती आणि तिच्यासोबत दोघी-तिघी बायका वाडीवाडीला गेल्या. "माझी पोरगी मी बसवून ठेवलीया. तुमी बी ठेवा. वर्ग आला न्हाई तर दोघींच्या बी घरात बसतील." एवढंच तिचं म्हणणं. भाषण नव्हतं, पण लोक बधले ते त्यानेच. सुखवस्तू घरांतल्याही काहींनी पोरं ठेवली.

मंजुरी आली. खोली नव्हती. पहिला पावसाळा आठवीचा वर्ग शाळेच्या मागच्या पत्र्याच्या शेडमध्ये भरला. आमच्याकडचा जुलै म्हणजे पत्र्यावर सूपभर दगड ओतत राहावेत तसा आवाज. वर्गावरचे सर तोंडाने काय सांगतात ते पहिल्या बाकालाही ऐकू जायचं नाही. मग त्यांनी बोलणं सोडलं. सगळा धडा फळ्यावर लिहायचा, पोरांनी वाचायचा, शंका असेल तर पोराने उठून फळ्यावरच प्रश्न लिहायचा आणि त्याच्याखाली सरांनी उत्तर. पाऊस उघडला की दहा मिनिटं तोंडी. माझी भाची सांगते, त्या वर्षी वर्गातल्या सगळ्यांचं अक्षर सुधारलं आणि शुद्धलेखनही, कारण चूक झाली तर ती साऱ्या वर्गापुढे फळ्यावर दिसायची.

२००६-०७ पासून सरकारी आणि अनुदानित शाळांतल्या आठवीच्या मुलांना सरकारकडून सायकली मिळू लागल्या. हायस्कूल दहा किलोमीटरवर असतं तर आमच्या चिखलाच्या वाटेवर या सायकलीने फार काही साधलं नसतं. आठवी गावात आल्यामुळे ती दोन-तीन किलोमीटरवरच्या वाडीवरच्या मुलींच्या उपयोगी पडली. योजना तीच, पण शाळा कुठे आहे यावर तिचा उपयोग ठरतो. वरून बघणाऱ्याला हे दिसत नाही.

आठवी झाल्यावर पुन्हा तोच प्रश्न एक इयत्ता पुढे सरकला. नववीसाठी पोरं परत मोठ्या गावाला. गळती एक वर्ष लांबली, थांबली नाही. ती थांबली २००९ ला केंद्राने राष्ट्रीय माध्यमिक शिक्षा अभियान सुरू केल्यानंतर. पाच किलोमीटरच्या आत माध्यमिक शाळा, हा त्या योजनेचा निकष आमच्या कामाला आला. आमचं अंतर त्याच्या जवळजवळ दुप्पट. पण इमारतीला जागा हवी, आणि जंगल खात्याच्या हद्दीत दगड हलवता येत नाही. शेवटी एका शेतकऱ्याने रस्त्यालगतची वीस गुंठे वरकस जमीन शाळेच्या नावे करून दिली. त्याच्या भावाने सही करायला बराच काळ लावला, ते स्वाभाविकच होतं, जमीन वडिलार्जित होती. उताऱ्यावर शाळेचं नाव चढलं त्या दिवशी गावात पेढे वाटले. इमारतीच्या उद्घाटनाला जमली त्याहून जास्त माणसं त्या दिवशी पारावर होती. पुढे नववी आली, मग दहावी, आणि प्राथमिकपासून वेगळं, स्वतःच्या हेडमास्तरांचं सरकारी हायस्कूल झालं.

मग सुरू झाला शिक्षकांचा प्रश्न, जो अजून संपलेला नाही. मराठी माध्यमातून विज्ञान-गणित शिकवणारा माणूस डोंगरात टिकत नाही. जागा रिकामी, मग अतिथी शिक्षक. तो वर्षाच्या मधे येतो आणि मार्चला जातो. एका वर्षी विज्ञानाला आले ते कन्नड माध्यमातून शिकलेले तरुण सर. पहिल्या आठवड्यात त्यांची फार तारांबळ झाली. वनस्पती अन्न कशा तयार करतात हे समजावताना ते 'द्युतिसंश्लेषण' म्हणत राहिले, पोरं पुस्तकात 'प्रकाशसंश्लेषण' शोधत राहिली. मग एका मुलीने उठून विचारलं, "सर, द्युती म्हणजे प्रकाशच न्हवं?" त्या दिवसापासून वर्गात एक वही फिरू लागली: डाव्या बाजूला सरांचा कन्नड शब्द देवनागरीत, उजव्या बाजूला पुस्तकातला मराठी शब्द. गणिताकडे वळल्यावर कळलं की 'वर्गसमीकरण' दोन्हीकडे एकच आहे. ती वही मी पाहिली आहे. कोपरे दुमडलेली, हळदीचा डाग पडलेली, पुढच्या दोन तुकड्यांनी वापरलेली. शिक्षक भरतीची जबाबदारी सरकारने टाळू नये, हे आहेच. पण जागा भरेपर्यंतची वर्षं या वहीने निभावून नेली.

एसएसएलसीला, म्हणजे दहावीच्या बोर्डाच्या परीक्षेला, ६२५ गुण. त्यात पहिली भाषा मराठी १२५ ची, बाकीचे पाच विषय शंभराचे, कन्नड त्यांपैकीच एक. परीक्षेचं केंद्र बाहेरगावी. पहिल्या तुकडीच्या वेळी गावाने वडापची जीप ठरवली आणि प्रत्येक पेपरला दोन पालक पोरांबरोबर गेले. निकालाचे आकडे देत बसत नाही. पण त्या तुकडीतल्या वाडीवरच्या दोन मुली पुढे नर्सिंगला गेल्या आणि एक आज बेळगावात बँकेत आहे. दहावीच्या पुढची वाट आता थोडी रुंदावली आहे. पीयूसीला, म्हणजे अकरावी-बारावीला, विज्ञान घेतलं तर इंग्रजी माध्यमाचा धक्का बसतो, तो अजून बसतोच. ज्यांना झेपतं ते महाराष्ट्र हक्क सांगतो त्या ८६५ सीमागावांसाठीच्या सवलतीतून महाराष्ट्रात कोल्हापूरकडे जातात. ११ जून २०२३ पासून राज्यात बायकांना सरकारी बसप्रवास मोफत झाला. मुलींना खानापूरला कॉलेजला पाठवताना पासाचे पैसे हे कारण तरी उरलं नाही. गाडीत पाय ठेवायला जागा नसते, पण मुली लोंबकळत का होईना जातात.

आता नवी काळजी दुसऱ्या टोकाला आहे. सकाळी साडेआठला खानापूरच्या इंग्रजी शाळेची पिवळी व्हॅन फाट्यावर येते आणि पाच वर्षांची पोरं घेऊन जाते. प्राथमिकच्या पहिलीचा पट दरवर्षी खाली येतो आहे. हायस्कूलचं रजिस्टर सध्या भरलेलं दिसतं, पण त्यात येणारी नावं ज्या रजिस्टरातून येतात तेच आटतं आहे. पालकांना दोष देऊन उपयोग नाही. पीयूसीचा इंग्रजीचा धक्का त्यांनी पाहिला आहे. माझं मत विचाराल तर हायस्कूलमध्ये आठवीपासूनच इंग्रजीसाठी पक्का, कायम शिक्षक हवा आणि विज्ञानाचे शब्द मराठीबरोबर इंग्रजीतही पोरांच्या कानावरून गेले पाहिजेत. ज्या वर्गाने कन्नड-मराठी शब्दांची वही केली, त्याला तिसरा रकाना जड नाही. एसडीएमसीत मी हे मांडलं आहे, ठराव झाला आहे, शिक्षक अजून आलेला नाही.

अक्का आता या हायस्कूलमध्ये अक्षर दासोहाचं, म्हणजे सरकारी मध्यान्ह भोजनाचं, जेवण करते. सकाळी क्षीरभाग्य योजनेचं दूध, दुपारी भात-सांबार. साठ वर्षं झाली की हे काम सोडावं लागतं, आणि वयाच्या पुराव्याला गेल्या महिन्यात तिला शाळेचा दाखला लागला. हेडमास्तरांनी कपाटातून जुनं रजिस्टर काढलं, तिचं पान सापडलं. ते दाखल्यावर उतरवत शेवटच्या रकान्यापाशी आले तेव्हा अक्का म्हणाली, "सर, तितं लिवा की, फुडं हायस्कूल नव्हतं म्हणून."

"रजिस्टरात आहे तेच लिहावं लागतं, अक्का," ते म्हणाले, आणि त्यांनी लिहिलं: सातवी पास.

तिने दाखला घडी करून पदराच्या टोकात बांधला. तेवढ्यात जेवणाची घंटा झाली आणि ती भाताचा डबा उचलायला गेली.